बाराच्या डावीकडे एक

खोक्याची चिकटपट्टी कापताना मोनालीचे हात घाई करत होते आणि आई दाराशी उभी राहून गल्लीवर नजर ठेवत होती. शिरूरच्या स्टँडवरून पप्पा जेवायला घरी यायच्या आत सगळं आवरायला हवं होतं.

कागदाचे बोळे बाजूला झाले आणि घड्याळ वर आलं. गोल, काळसर लाकडी चौकटीचं, पितळी कड्याचं... पांढऱ्या तबकडीवर रोमन आकडे. मोनालीनं ते पलंगावर उशीला टेकवलं, पितळी किल्ली फिरवली, आणि टक्... टक्... असा भरदार आवाज खोलीत सुरू झाला. तिनं समाधानानं डोळे मिटून घेतले.

"मोने," आई म्हणाली, "हे मागं चाललंय."

"काय मागं चाललंय?"

"घड्याळ."

मोनालीनं डोळे उघडले. सेकंदाचा बारीक काटा बारावरून निघाला होता आणि निवांतपणे डावीकडे उतरत होता. आकड्यांची तर तऱ्हाच होती. बाराच्या डावीकडे एक, त्याच्या खाली दोन, त्याच्या खाली तीन. अकरा आणि दहा पार उजव्या अंगाला जाऊन बसले होते. तिनं घड्याळ हलवलं, उलटं धरलं, परत सरळ धरलं. काट्यानं काही आपला हट्ट सोडला नाही.

"आता गं?" आई म्हणाली. "निवृत्तीच्या दिवशी तुझ्या बापाला हे द्यायचं व्हय? मागं पळणारं?"

मोनालीला रडू यायचंच बाकी होतं.

त्याचं कारण असं. सोपानराव भालेराव, म्हणजे मोनालीचे पप्पा, स्टँडवर कंट्रोलर होते. उभी नोकरी त्यांनी एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळाखाली बसून केली. घड्याळाकडे बघायचं, माइकवर गाडी पुकारायची, शिट्टी मारायची. वेळेच्या बाबतीत माणूस असा कडक, की एकदा पिशव्या सावरत धावत येणारा सख्खा मेव्हणा दिसूनसुद्धा त्यांनी गाडी सोडली होती. त्यावरून घरात जो अबोला झाला, तो पार दिवाळीला संपला. मग मागच्या वर्षी स्टँडवरचं ते घड्याळ उतरलं आणि तिथं लाल आकड्यांचं, विजेवरचं आलं. पप्पा कुणाला काही बोलले नाहीत. फक्त एकदा जेवताना म्हणाले, "त्याला आवाजच न्हाई." आणि भाकरी मोडत राहिले.

त्या वाक्यानं मोनालीला झोप लागली नव्हती. या जानेवारीच्या अखेरीला पप्पा निवृत्त होणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हा माणूस कशाकडे बघणार? ती मार्केट यार्डाजवळच्या नेट कॅफेत काउंटरवर बसायची. दोन हजार सात साल होतं, लिलावाच्या साइटवर नवरीच्या शालूपासून जुन्या नाण्यांपर्यंत काहीही विकायला यायचं. तिथंच तिला ते दिसलं. थेट स्टँडवरच्या घड्याळाचा सख्खा भाऊ. 'जुनं भिंतीवरचं घड्याळ. चालू स्थितीत. वेळ अचूक.' नाशिकचा कुणीतरी गडी दोन दिवस तिच्यावर बोली चढवत राहिला, आणि शेवटच्या मिनिटाला मोनालीनं त्याला गारद केलं. आणि आता हे!

घड्याळ जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली गेलं. मोनालीनं विकणाऱ्याचा नंबर काढला. सम्राट ओव्हाळ, दौंड.

"हॅलो, ओव्हाळ का? मी शिरूरहून बोलतेय. घड्याळ मिळालं."

"मिळालं? अरे वा! काच नीट हाय ना? मला तर काल घास उतरंना, म्हटलं काच—"

"काच नीट आहे. घड्याळ उलटं आहे."

पलीकडे मागं कुठंतरी कात्री वाजत होती.

"उलटं म्हंजी... खाली डोकं वर पाय?"

"उलटं म्हणजे उलटं! काटे मागं फिरतात. आकडे भलतीकडेच. आणि तुम्ही बिनधास्त लिहिलंय, वेळ अचूक! फोटोसुद्धा दुसऱ्याच घड्याळाचा टाकलाय."

"न्हाई ओ मॅडम, फोटो त्याचाच हाय. वेळ बी अचूक हाय." आणि तो चक्क हसला. हसू मोकळं होतं, तिला आणखीच झोंबलं. "तुम्ही एक काम करा. आधी आरशात बघा—"

"काय म्हणालात?"

"आरशात—"

मोनालीनं फोन कापला. आरशात तोंड बघा म्हणतो! चुकीचा माल विकायचा तो विकायचा आणि वर हे! तिनं त्याला साइटवर वाईटातला वाईट, लाल शेरा द्यायचं ठरवलं. कॅफेत जाऊन तिनं त्याचं पान उघडलंसुद्धा. 'वस्तू वर्णनाप्रमाणे होती का?' असा प्रश्न समोर आला. ती उत्तर टाइप करणार, एवढ्यात तिला वाटलं, पुरावा म्हणून फोटो एकदा नीट बघून घ्यावा.

तिनं फोटो मोठा केला. आकडे जागच्या जागी होते, बाराच्या उजवीकडे एक. पण खाली कोपऱ्यात काहीतरी होतं. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा पांढरा लोळ, आणि त्याच्या कडेला निळ्या शर्टाची बाही. एक कोपर. एक कान. केसांची एक बट...

भिंतीवरच्या घड्याळाच्या फोटोत माणूस कुठून आला? तोही कॅमेरा धरलेला?

मोनालीनं स्क्रीन जवळून बघितली, लांबून बघितली. माणसाचा चेहरा नेमका त्या उजेडात बुडाला होता. तिनं शेरा काही दिला नाही. तो प्रश्न आणि तो कान दोन्ही डोक्यात घेऊन ती घरी आली.

"मी दौंडला जाऊन त्याला घड्याळ परत देते," तिनं आईला सांगितलं. "चांगलं खडसावते."

"एवढं रागानं जायची गरज हाय का?"

"रागानंच जातेय," मोनाली म्हणाली. ते पुरतं खरं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

स्टँडवर पप्पा असणार, म्हणून ती खोकं घेऊन न्हावरा फाट्यापर्यंत चालत गेली आणि तिथं गाडीत चढली. थंडी कडक होती. सगळा रस्ता उसाच्या गाड्यांनी अडवला होता, खिडकीतून ओल्या पाचटाचा वास येत होता. पारगाव गेलं, चौफुला गेला. मांडीवरचं घड्याळ चादरीतून टकटकत होतं आणि शेजारची बाई सारखी संशयानं बघत होती.

"काय हाय गं त्यात?"

"घड्याळ आहे मावशी."

"मग एवढं पांघरूण घातलंय ते? थंडी वाजती का त्याला?"

दौंडच्या रेल्वे फाटकाजवळ पत्ता सापडला, आणि मोनालीचे पाय जागीच थांबले. ते एक सलून होतं. पुरुषांचं. खुर्च्यांवर तीन-चार जण तोंडाला फेस लावून बसले होते आणि सगळेच्या सगळे तिच्याकडे वळून बघत होते. बाईमाणसानं असल्या ठिकाणी पाऊल टाकायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. ती उंबऱ्याबाहेर खोकं धरून उभी राहिली.

आतून एक तरुण लगबगीनं पुढं आला. हातात वस्तरा, खांद्यावर टॉवेल, अंगात निळा शर्ट. मोनालीनं आधी त्याचा कान बघितला. तोच होता! त्याच्यावर तीच केसांची बट. आणि फ्लॅशच्या उजेडात बुडालेला चेहरा आता समोर होता... सावळा, जरा घाबरलेला, हसू दाबायला बघणारा.

"शिरूरच्या मॅडम?"

"तुम्हाला काय माहीत?"

"खोकं माझंच हाय की."

दाराजवळच्या बाकड्यावर एक थकलेले म्हातारे आजोबा ऊन खात बसले होते. सम्राटचे आजोबा, म्हाळूबाबा. त्यांनी मान वर केली.

"पोरी, भाईर का? आत ये."

"नको बाबा, इथंच ठीक आहे. पुरुषांचं दुकान..."

"ये म्हणतो ना. ह्या दुकानात कुणाला दारात उभं करत न्हाई. त्याच्यासाठीच काढलंय ते."

मोनालीनं आत बघितलं. आरशांच्या वर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, ताजी फुलं वाहिलेली. तिनं वाकून म्हटलं, "जय भीम, बाबा," आणि उंबरा ओलांडला.

"जय भीम. आता बस खुर्चीत. सम्राट, दाव तिला."

फेस लावलेल्या गिऱ्हाइकांनी आदबीनं खुर्ची मोकळी करून दिली. मोनाली अवघडून बसली. सम्राटनं चादर सोडली, घड्याळ उचललं आणि तिच्या पाठीमागं, खांद्याच्या वर दोन्ही हातांनी धरलं.

"आता आरशात बघा मॅडम," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी एवढंच सांगत होतो."

मोनालीनं समोर बघितलं. आरशात बाराच्या उजवीकडे एक होता. सेकंदाचा काटा शहाण्यासारखा पुढं चालला होता. वेळ बिनचूक!

"अगंबाई..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"सलूनचं घड्याळ हाय. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की घड्याळ त्याच्या पाठीमागं. मान वळवली तर वस्तरा लागंल. म्हणून असंच बनवून घेतलेलं, आरशात बघायचं."

"मग तसं लिहायचं ना वर्णनात! आणि फोटो..."

"फोटो ह्याच खुर्चीत बसून, समोरच्या आरशातनं काढला. मॅडम, खरं सांगतो, मी जन्मल्यापासून हे घड्याळ आरशातच बघितलंय. आमच्या घरात ते सरळ कुणीच बघत न्हाई. उलटं हाय हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई ओ." तो कानाच्या पाळीला हात लावत म्हणाला. "ग्राहकाची चूक न्हाई. विकणाऱ्याची हाय."

त्यानं एवढ्या सरळपणानं कबूल केल्यावर खडसावायचं कसं? मोनालीनं बसमध्ये जुळवून ठेवलेली वाक्यं एकेक करून विरून गेली. आरशात घड्याळाच्या शेजारी त्याचा चेहरा होता, आणि त्यानंही त्याच वेळी वर बघितलं. दोघांची नजर काचेत भेटली. समोरासमोर असती तर तिनं लगेच खाली बघितलं असतं. आरशात मात्र... जरा वेळ लागला.

बाहेरून म्हाळूबाबा सांगत होते. राहू गावात त्यांच्या लहानपणी तिथला न्हावी त्यांच्या लोकांच्या डोक्याला हात लावत नसे. बाप बाभळीखाली बसून कातरीनं जमेल तसे केस कापायचा. मग म्हाळूबाबा दौंडला आले, रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरांच्या क्लबात झाडलोट करता करता केस कापायला शिकले. गोरे देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या सलूनमधलं घड्याळ एकानं म्हाळूबाबांच्या हातात ठेवलं. त्यावर हे दुकान उभं राहिलं. कुणीही यावं, बसावं.

"मग विकलं कशाला बाबा?" मोनालीनं विचारलं.

"नव्या फ्याशनीनं दोन्हीकडं आरसं लावलं नव्हं का. भिंत कुठं ऱ्हायली? माळ्यावर पडून किडं लागण्यापरीस म्हटलं, कुणाच्या तरी घरात वाजंल."

घड्याळ परत द्यायला आलेली मोनाली ते मांडीवर घेऊन बसून राहिली. पण पप्पांची निवृत्ती तोंडावर होती. ते तिनं सांगितलं. स्टँडवरचं घड्याळ, लाल आकडे, 'त्याला आवाजच न्हाई'... सगळं. सम्राट ऐकताना वस्तरा पुसायचा विसरला.

"मी शोधतो," तो म्हणाला. "अस्संच, पुढं चालणारं. निवृत्तीच्या आत आणून देतो. तोवर हे तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, तारण म्हणून. वाईट शेरा तेवढा देऊ नका, पहिलीच विक्री हाय माझी."

"बघू. शेरा माझ्या हातात आहे, हे लक्षात ठेवा."

"ध्यानात ठिवतो." आणि त्याच गडबडीत त्याच्या दुसऱ्या हातातली पाण्याच्या फवाऱ्याची बाटली चुकून दाबली गेली. बारीक तुषार मोनालीच्या चष्म्यावर, गालावर, कपाळावर येऊन बसले. गिऱ्हाइकं हसली, म्हाळूबाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "ह्येच ऱ्हायलं हुतं." मोनालीनं चष्मा ओढणीला पुसला. हसू काही तिला पुसता येईना.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन वाजायला लागला.

"आज कुरकुंभला एक बघितलं. भंगारवाल्याकडं."

"वर्णन सांगा. या वेळी नीट."

"गोल हाय. रंग उडालाय. पितळ खरं, काच नवी. काटे पुढंच जातात, मी आरशाला पाठ करून बघितलं."

"आवाज?"

"आवाज... खोकल्यावाणी."

"नको."

दुसऱ्या दिवशी केडगावचं. त्याला आवाज होता, पण तबकडीवर गुलाबाची फुलं होती. तिसऱ्या दिवशीचं तास चुकवायचं. मोनाली एकेक नापास करत होती आणि कॅफेच्या काउंटरमागं उगाचच केस नीट करत होती, जणू फोनमधून दिसणार आहे.

"मॅडम, तुम्हाला लई कडक पास करायची सवय हाय."

"एकदा फसलेय ना. बरं... विकणाऱ्याचं वर्णन काय? तेही तुम्ही कुठं दिलं नव्हतं."

पलीकडे त्यानं घसा खाकरला. "सव्वीस वर्षं जुना. चालू स्थितीत. बी. कॉम. आजोबांचं दुकान चालवतो, त्याची लाज न्हाई. बाकी... वेळ अचूक."

"फोटो?"

"फोटो तुम्ही बघितलाय की. कान."

मोनाली एवढ्या मोठ्यानं हसली की कॅफेतली पोरं माना वळवून बघायला लागली.

एकतीस तारखेच्या आदल्या संध्याकाळी मात्र फोनवरचा आवाज वेगळा होता. "मिळालं," सम्राट म्हणाला. "तुम्हाला पायजे होतं अगदी तसं. उद्या घिऊन येतो. तुमचं ते परत नेतो. मग... मिटलं सगळं."

"हो. मिटलं," मोनाली म्हणाली.

तिनं फोन ठेवला. हवी होती तशी वस्तू तिला मिळणार होती. पप्पांच्या हातात उद्या योग्य घड्याळ पडणार होतं. मग आनंद व्हायला हवा होता ना? पण घड्याळ मिळालं की फोन थांबणार, आणि फोन थांबला की संध्याकाळी करायचं काय, हा एकच विचार तिच्या मनात घोळत होता. तो माणूस तिला आवडला होता. इतकं साधं होतं ते, आणि इतकं अवघड.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा गळ्यात हार घालून घरी आले. डेपोतली माणसं, गल्लीतली माणसं, पेढे, चहा... सगळी गर्दी पांगली तेव्हा उन्हं उतरली होती. आणि तेव्हाच सम्राट खोकं घेऊन दारात उभा राहिला. तोच निळा शर्ट, पण इस्त्रीचा.

"पप्पा, हे दौंडचे ओव्हाळ. यांच्याकडून... तुमच्यासाठी."

पप्पांनी खोकं उघडलं. घड्याळ खरंच हुबेहूब होतं. त्यांनी किल्ली दिली, कान लावला, मान डोलावली. मोनालीचा जीव भांड्यात पडला. मग पप्पा शांतपणे म्हणाले, "झकास हाय. आन् पलंगाखालचं कुणाचं?"

आई स्वयंपाकघरातून जी बाहेर आली ती तशीच थांबली.

"तुम्हाला... कसं कळलं?" मोनालीनं विचारलं.

"अगं, उभा जन्म घड्याळाच्या आवाजात गेला. पहिल्याच दुपारी कळलं. तुम्ही दोघी नसल्या की काढून बघत होतो." त्यांनी वाकून चादरीची गुंडाळी बाहेर ओढली. "आधी वाटलं, बिघडलंय. मग एकदा कपाटाच्या आरशात नजर गेली." ते घड्याळ छातीशी धरून कपाटासमोर उभे राहिले. "पोरी, स्टँडवर घड्याळ बघितलं की मला गाडी दिसायची. पुण्याची, नगरची, दौंडची. ह्याच्यात वेळ बघायची तर आधी आपलं तोंड दिसतंय. इतकी वर्षं सवडच झाली नव्हती बघायची." मग ते म्हणाले, "मला हेच पायजे."

सम्राटनं खाली मान घातली, आणि मोनालीला त्याचे ओले डोळे दिसले. मग तिनं दौंडचं दुकान, दारातलं बाकडं, म्हाळूबाबा, सगळं पप्पांना सांगितलं.

"आन् हे नवं तुम्ही न्या," पप्पा त्याला म्हणाले. "म्हातारबाबांच्या बाकड्यावर लावा, दारात. त्यांनी बी जरा सरळ बघावं. आता वर चढा आन् हे टांगून द्या, कपाटाच्या बरोबर समोर."

पप्पा आणि आई अंगणात खुर्च्या गोळा करायला गेले. सम्राटनं खिळा ठोकला, घड्याळ टांगलं, आणि ते सरळ आहे का ते बघायला दोघंही कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. आरशात घड्याळ, आणि घड्याळाखाली ती दोघं.

"ह्याला आठवड्याला किल्ली द्यावी लागती," तो आरशात बघत म्हणाला. "सोमवारी. सोमवारी माझं दुकान बंद असतंय."

"घरात तीन माणसं आहेत किल्ली द्यायला."

"व्हय... ते बी खरंच." घड्याळ टकटकत राहिलं. मग त्यानं एकदम श्वास घेतला. "मोनाली, घड्याळ मिळू नये असं मला वाटत होतं. तरी शोधलं. कारण तुमच्या पप्पांची गोष्ट होती. पण मिळालं त्या दिवशी मला जेवण ग्वाड लागलं न्हाई. मला तुम्ही आवडता. आता शेरा काय द्यायचा तो द्या."

आरशातल्या मोनालीचे कान लाल झाले. तिला ते दिसलं, त्यालाही दिसलं.

"आरशात बघून शेरा देत नाही मी," ती म्हणाली. "एकदा फसलेय. वळा इकडं."

तो वळला. ती आधीच वळली होती. आता मध्ये काच नव्हती, आणि तरीही तिनं नजर खाली घातली नाही.

"वस्तू वर्णनाप्रमाणे आहे," मोनाली म्हणाली. "अगदी कानापासून. सोमवारी या."

तेवढ्यात बाहेर खुर्च्यांचा आवाज थांबला आणि पप्पा दारात आले. दोघं दोन पावलं लांब झाली. सम्राट गडबडीनं म्हणाला, "काका, निघतो मी. साडेसहाची दौंड गाडी चुकायला नको."

बाहेर अंधार पडायला लागला होता. गल्लीतले दिवे लागले होते. आरशात पावणेसात स्पष्ट दिसत होते. पप्पांनी त्या पोराकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. मग आरशाकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या काट्यांकडे सरळ बघून, माइकवर पुकारायचे त्याच ठाम आवाजात ते म्हणाले,

"आत्ताशी सव्वापाच झालेत. बसा निवांत, जेवूनच जा."